बँड सुरू होण्याचं वय

१९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला लार्स उलरिच नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं ‘द रिसायकलर’ या छोट्या जाहिरातींच्या पत्रात एक जाहिरात दिली. मी ड्रम वाजवतो, सोबत वाजवणारी माणसं हवीत, एवढाच तिचा आशय. जेम्स हेटफील्ड या मुलानं तिला उत्तर दिलं. त्यातून ‘मेटालिका’ हा बँड निघाला. १९८३ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, आणि थ्रॅश मेटल हा संगीतप्रकार जगभर पोचवणाऱ्या चार बँडमध्ये त्यांचं नाव पहिलं घेतलं जाऊ लागलं. ऑक्टोबर २०११ मध्ये ही मंडळी बंगळूरला येऊन वाजवून गेली. तोवर ती पन्नाशीकडे झुकली होती, आणि हजारो तरुण पोरं त्यांच्यासमोर माना हलवत होती.

आता हीच जाहिरात गेवराईतल्या सतरा वर्षांच्या मुलीनं द्यायची आहे असं धरा. खाली तिचं नाव, तिचा मोबाईल नंबर, आणि मजकूर असा की मला गिटार येते, ओळखपाळख नसली तरी चालेल, कुणी वाजवणारं असेल तर फोन करा. पहिला फोन कसल्या माणसाचा येईल ते आपण सगळ्या जाणतो. दुसरा चुलत्याचा येईल. तिसरा येण्याच्या आत मोबाईल भावाच्या खिशात गेलेला असेल, आणि दिवाळीच्या आत बघायला पाहुणे आलेले असतील.

मी वाढवून सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. जगात बँड ज्या वयात सुरू होतात, त्याच वयात आमच्याकडे मुली उजवल्या जातात. मला म्हणायचं आहे ते मुख्यतः एवढंच. बाकीचं त्याच्या अवतीभवतीचं आहे, पण तेही बोलून टाकलं पाहिजे, कारण ते आपल्यातच कुजबुजत बोललं जातं.

निमित्त असं झालं. आमच्या मंडळाच्या कार्यालयामागे एक खोली आहे. शिवणवर्ग बंद पडल्यापासून तिथं चार मशिनी धूळ खात आहेत. अकरावी-बारावीतल्या तीन मुली आल्या आणि रविवारी दोन तास ती खोली मागू लागल्या. कशाला, तर वाजवायला. एकीकडे जुनी इलेक्ट्रिक गिटार, दुसरी लोखंडी डब्यांवर आणि उशांवर हात बसवून घेते आहे, तिसरी गाणार. गाणार म्हणजे ओरडणार. त्यांनी आम्हाला मोबाईलवर नमुना ऐकवला तेव्हा बैठकीतल्या दोघींनी कानावर हात ठेवले. मग चर्चा झाली, आणि निर्णय पुढे ढकलला गेला. संघटनेत ‘पुढे ढकलू’ याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

ज्या मैत्रिणींनी हा प्रकार ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. थ्रॅश मेटल म्हणजे वेग आणि घणाघात. गिटारच्या तारा तळव्याच्या कडेनं दाबून धरायच्या आणि पटापट छेडायच्या. विजेच्या यंत्रातून तो आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करून बाहेर काढायचा. ड्रमवाल्यानं दोन्ही पायांनी नगारा कुटायचा. वरून गाणारा गोड लागण्याची काडीचीही फिकीर न करता शब्द फेकतो. विषय बहुधा युद्ध, सत्ता, धर्माचा ढोंगीपणा, वेड, मरण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हा प्रकार घडला. मग जर्मनीत गेला, ब्राझीलमध्ये गेला. सगळीकडे तो कामगार वस्तीतल्या आणि मध्यमवर्गातल्या चिडलेल्या पोरांचा आवाज झाला. पोरांचा म्हणजे मुलग्यांचा. आपल्याकडे मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं, तिथं या पद्धतीचं वाजवणारे अनेक बँड होऊन गेले. पुढे २००३ मध्ये मुंबईतच ‘भयानक मौत’ असं साधं सरळ नाव घेऊन एक बँड निघाला. त्याचं संगीत थ्रॅशच्याही पलीकडचं, डेथ मेटलकडे झुकणारं. पण व्यासपीठावर सगळे पुरुषच. या संगीतात बाईला मांसाचा गोळा समजणारी चित्रं आणि शब्द कमी नाहीत, हेही मी मान्य करते. पण बाईला मांस समजणारं गाणं शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या लग्नातल्या डीजेवर काय लागतं ते आठवा.

आमच्या बैठकीत तीन आक्षेप निघाले. पहिला सगळ्यात जड होता, म्हणून तो आधी घेते.

‘ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातायत, आणि तुम्हाला बँडचे डोहाळे लागलेत?’ असं विचारलं गेलं. विचारणारी बाई ऐऱ्यागैऱ्यांपैकी नाही. तिनं पाण्याच्या टँकरपुढे झोपून पाहिलेलं आहे. आणि तिचा दाखला खोटा नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम दंड कापतो, म्हणून पिशवीच नको. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाई अर्धा कोयता. उचल घेतो नवरा, फेडतात दोघं. हे आपण वीसदा लिहिलं आहे आणि अजून वीसदा लिहावं लागेल.

पण मग विचार करा, ही तेरा हजार बायकांची गोष्ट कुठून सुरू होते? दवाखान्याच्या टेबलावर सुरू होते का? ती सुरू होते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा आईबाप कारखान्यावर निघताना मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची या धास्तीनं तिचं लग्न लावून मोकळे होतात. लग्न झालं की नवा कोयता तयार. विशीत दोन लेकरं, मग नसबंदी, मग पोटात दुखतं, मग पिशवी. या साखळीची पहिली कडी म्हणजे मुलीची संध्याकाळ. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ तिचा की घराचा? मुलग्याच्या संध्याकाळला कुणी हिशेब विचारत नाही. तो नाक्यावर असतो, मैदानावर असतो, गणपती मंडळाच्या मांडवात असतो. मुलीची संध्याकाळ म्हणजे भाकरी, धाकटी भावंडं आणि नजरकैद. ज्या मुलीला रविवारचे दोन तास हक्कानं स्वतःचे म्हणून मागता आले, आणि ज्या मुलीची वाट बघणाऱ्या आणखी दोघी आहेत, तिचं लग्न गुपचूप उरकणं थोडं अवघड जातं. थोडंच, पण जातं. बालविवाह प्रतिबंधाच्या कार्यशाळेत आपण तिला चहा-बिस्किट देऊन दोन तास बसवतो आणि भिंतीवर फलक लावतो. ती मुलगी कार्यशाळा मागायला स्वतःहून कधी आली होती का? खोली मागायला आली आहे.

आणखी एक आकडा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रात मान खाली घालायला लावणारा आकडा म्हणून तो तेव्हा गाजला. त्या जनगणनेतली ती लेकरं आज बँड सुरू करण्याच्या वयाची झाली आहेत. खोली मागायला आलेल्या तिघी त्या ८०७ मधल्या आहेत. जन्माला येऊ दिलं, हेच त्यांच्यावर उपकार झाले असं वागवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे. हे आपलं नाही, परकं आहे, आपल्या संस्कृतीत बाईनं असं किंचाळणं बसत नाही. हे वाक्य पुरुषांच्या तोंडी शोभतं, आपल्या तोंडी आलं याचं मला वाईट वाटलं. कारण आपल्या संस्कृतीत बाईच्या आवाजाचं काय केलं गेलं ते आपल्याला ठाऊक आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा फड घ्या. जगातल्या कुठल्याही बँडच्या इतिहासापुढे त्यांचा इतिहास ठेवा. लहानपणापासून बोर्डावर, गावोगावच्या जत्रांत, उघड्या मैदानांत, हजारोंच्या गर्दीसमोर, ढोलकी-हलगीच्या कडकडाटावर आवाज चढवून गाणारी ही बाई. फडाची मालकीण. १९५७ मध्ये राष्ट्रपती पुरस्कार, १९९० मध्ये पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर मागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सगळीकडे अभिमानानं सांगितली जाते. मला ती ऐकताना नेहमी राग येतो. त्या रात्री बाईला परत बोर्डावर यावं लागलं, यात अभिमान कसला? अमेरिकेतल्या एखाद्या बँडच्या गाडीला अपघात झाला तर दौरा रद्द होतो. मेटालिकाचा क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला, तेव्हा तसाच दौरा थांबला. विठाबाईंच्या बाळंतपणानं खेळ थांबत नव्हता, कारण तिकीट काढून बसलेला प्रेक्षक थांबणारा नव्हता. २००२ साली त्या गेल्या तेव्हा उपचाराच्या पैशांची ओढाताण होती. मग त्यांच्या नावानं सरकारनं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

तेव्हा ‘आपल्या संस्कृतीत बाई आवाज चढवत नाही’ हे खोटं आहे. आपल्या संस्कृतीत काही जातींच्या बायकांनी रात्रभर आवाज चढवायचा आणि बाकीच्या जातींच्या पुरुषांनी तो ऐकायचा, अशी वाटणी आहे. मांग, महार, कोल्हाटी बायकांचा आवाज गावानं विकत घेतला आणि त्यांना ‘नाचणारी’ म्हणून गावाबाहेर ठेवलं. आपल्या घरच्या लेकीसुनांचा आवाज उंबऱ्याच्या आत ठेवला. एकीला बदनाम करायचं म्हणजे दुसरी आपोआप गप्प बसते. हा डाव ज्या दिवशी आपल्याला कळला त्या दिवसापासून आपण स्वतःला चळवळीतल्या म्हणवतो. त्याच डावातलं वाक्य आपण त्या तीन मुलींच्या तोंडावर मारणार आहोत का?

आणि बाईचा आवाज खेळापलीकडे गेला, सवाल विचारू लागला, तर काय होतं तेही याच महाराष्ट्रानं पाहिलं. पुण्यातून कबीर कला मंच २००२ पासून गात होता. जातीवर, खैरलांजीवर, पोटापाण्यावर. त्यातली शाहीर शीतल साठे डफावर आवाज टाकायची तेव्हा मैदान हलायचं. एप्रिल २०१३ मध्ये तिनं विधान भवनासमोर स्वतःला अटक करून घेतली तेव्हा ती गरोदर होती. जामीन जूनमध्ये झाला.

जात्याचं काय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे ओव्या आहेतच की. आहेत. १९९६ साली आपल्याच जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात अशा लाखभर ओव्या जमा झाल्या. पण जातं हे नुसतं दळायचं साधन नव्हतं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर, घरातले पुरुष झोपलेले, दगडाची घरघर चालू, त्या आवाजाखाली काहीही बोलता येत होतं. सासूला शिव्या देता येत होत्या, नवऱ्याच्या नावानं रडता येत होतं. ती तालमीची खोलीच होती. मग गावात गिरणी आली. बाईचे खांदे वाचले, फार बरं झालं. जात्याकडे परत जा म्हणणाऱ्यांना मी जात्यालाच बांधीन. पण ती खोली गेली ती गेलीच. तिच्या जागी आलं भजनी मंडळ, ज्यात देवाबद्दल बोलता येतं, दीराबद्दल नाही.

बाकी गेवराईत आवाज कमी आहे असं नाही. लग्नसराईत बसस्थानकाजवळ उभं राहून बघा. डीजेच्या भिंती ट्रॅक्टरवर रचलेल्या असतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, बाळंतीण कानात कापूस घालून बसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दहानंतर भोंगे बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ही सूट कुणाच्या मजेसाठी आहे? त्या डीजेपुढे रात्री नाचणारी गर्दी कुणाची? त्यापूर्वी पितळी बँड असायचे, तेव्हाही वाजवणारे पुरुष, आणि कडेनं डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बाया. वरातीत बाईला मिळालेली एकमेव नोकरी ही अशी होती, दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडायची. तेव्हा मुद्दा आवाजाचा नाहीच. आवाज कुणाच्या हातात, हा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप हळू आवाजात आला, पण मला तोच सगळ्यात झोंबला. ‘पोरींचं काही टिकत नाही. चार दिवस वाजवतील, मग एकमेकींत भांडतील, नाहीतर लग्न करून जातील.’

भांडणाचं आधी बघू. ब्राझीलमध्ये साओ पावलोला २०१० साली प्रिका अमाराल या गिटारवालीनं फक्त बायकांचा थ्रॅश मेटल बँड सुरू केला. नाव ‘नर्व्होसा’. पोर्तुगीज भाषेत हे स्त्रीलिंगी विशेषण आहे, चिडलेली, संतापलेली. २०१४, २०१६, २०१८ अशा तीन तबकड्या आल्या. तिघींनी वेगवेगळे देश पालथे घातले. एप्रिल २०२० मध्ये गाणारी-बास वाजवणारी फर्नांडा लिरा आणि ड्रमवाली लुआना दामेत्तो दोघी बाहेर पडल्या. करोनाचे दिवस, जग बंद, दौरे बंद. प्रिका एकटी उरली. अशा वेळी संगीताबद्दल लिहिणारे पुरुष काय बोलतात ते कुठल्याही देशात सारखंच असतं. बायकांचं एकमेकींशी पटतच नाही.

पुढे काय झालं ते बघा. प्रिकानं स्पेन, इटली आणि ग्रीसमधल्या बायका जमवल्या. चौघी वेगवेगळ्या देशांत, घराबाहेर पडायची चोरी, तरी २०२१ मध्ये तबकडी आली. बाहेर पडलेल्या दोघींनी ‘क्रिप्टा’ नावाचा बायकांचाच दुसरा बँड उभा केला. म्हणजे एक फुटला आणि दोन झाले. नर्व्होसात पुढेही माणसं बदलली. अखेर प्रिकानं स्वतः गायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये पुढची तबकडी काढली. तिचं नाव ‘जेलब्रेक’.

आता पुरुषांकडे वळू. मेटालिकानं १९८३ मध्ये डेव्ह मस्टेन या गिटारवाल्याला हाकललं. त्यानं रागानं ‘मेगाडेथ’ काढला आणि पुढची कित्येक दशकं त्या बँडमध्ये एक तो सोडून बाकी माणसं येतजात राहिली. मेटालिकाचा जेसन न्यूस्टेड १९८६ पासून बास वाजवत होता, २००१ मध्ये तोही सोडून गेला. उरलेल्यांचं आपसात इतकं बिनसलं की त्यांनी पैसे मोजून एक समुपदेशक ठेवला. त्यावर २००४ मध्ये चित्रपट निघाला, आणि सगळ्यांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. पुरुष भांडले की ती कलावंतांची तळमळ. बायका भांडल्या की नळावरचं भांडण. या तिरकेपणाची आपल्यालाही इतकी सवय झाली आहे की सोळा वर्षांच्या मुलींनी अजून एक सूरसुद्धा लावलेला नसताना आपण त्यांचं भांडण आधीच ठरवून ठेवलं.

जर्मनीतल्या आखेनच्या ‘होली मोझेस’ या बँडमध्ये सबिना क्लासन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गात आली. तो घशातून खरडून काढलेला आवाज बाईचा आहे यावर ऐकणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये साठीत पोचल्यावर तिनं बँड थांबवला. चाळीस वर्षं टिकणं म्हणजे आणखी काय असतं?

लग्न करून जातील, हा आक्षेप मात्र खरा आहे. फक्त तो मुलींवर घेण्याजोगा नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये श्रीनगरला दहावीतल्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ नावाचा बँड एका स्पर्धेत वाजला आणि त्यांना बक्षीस मिळालं. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या मुफ्तींनी हे धर्मबाह्य असल्याचं जाहीर केलं, इंटरनेटवरून घाणेरड्या धमक्या आल्या, मुलींनी वाजवणं बंद केलं. मुख्यमंत्री त्यांच्या बाजूनं बोलले तरी उपयोग झाला नाही. ही गोष्ट सांगितली की आपल्याकडे काही जणींच्या चेहऱ्यावर ‘त्यांच्यात असंच’ असा भाव येतो. त्यांच्यात मुफ्ती आहेत, आपल्यात भावकी आहे. भावकीला फतवा काढावा लागत नाही, नुसतं ओट्यावर बसून खाकरलं तरी पुरतं.

आणि त्यांच्यातलीच दुसरी गोष्ट ऐका. इंडोनेशियात जावा बेटाच्या पश्चिमेला गारुत जिल्हा आहे, डोंगराळ, शेतीवाडीचा. २०१४ साली तिथल्या खेड्यातल्या एका इस्लामी शाळेतल्या तीन मुलींनी, फिर्दा मार्स्या कुर्निया, विदी राहमावती आणि एउइस सिती आइश्या यांनी, ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा बँड काढला. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या आसपास होत्या. बाचेप्रोत हा त्यांच्या सुंदानी बोलीतला शब्द, अर्थ गोंगाट, वटवट. बाईच्या बोलण्याला जो शब्द लावून हिणवतात तोच त्यांनी पाटीवर लावला. डोक्याला हिजाब, हातात गिटार. विरोध घरून झाला, शेजारून झाला, धमक्या आल्या. त्यांनी शाळेच्या कोंडमाऱ्यावर गाणं केलं. बाईचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नाही, या विषयावर २०२२ मध्ये गाणं केलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या सर्वांत मोठ्या जत्रेत वाजवलं. २०२३ मध्ये तबकडी आली आणि जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड म्हणून त्या उभ्या राहिल्या. पुरुषांच्या एवढ्या बँडना जे जमलं नव्हतं ते खेड्यातल्या तिघींना जमलं.

त्यांच्यात आणि प्रगाशच्या मुलींमध्ये हुशारीचा फरक होता असं मला वाटत नाही. गारुतच्या मुलींना त्या शाळेतल्या एका शिक्षकानं हे संगीत ऐकवलं, शिकवलं, आणि त्यांच्यावर टीका झाली तेव्हा तो मागं सरला नाही. पाठीशी उभं राहिलेलं एक माणूस होतं. मला खटकतं ते एवढंच की तो एक पुरुष शिक्षक होता, बायकांची संघटना नव्हती. गेवराईत ती आहे. खोलीही आहे.

खोलीबद्दल आणखी एक. या तिघी तीन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आहेत. एकीच्या घरी जमायचं म्हटलं तर मधे जात येते, दुसरीच्या घरी दारू पिणारा बाप येतो, तिसरीचं घर म्हणजे एक पत्र्याची खोली आणि सहा माणसं. अमेरिकेतल्या प्रत्येक बँडच्या चरित्रात ‘सुरुवात गॅरेजमध्ये झाली’ असं वाक्य असतं. बापाची मोटार ठेवायची खोली पोरगा वाजवायला वापरतो. आपल्याकडे मोटार नाही आणि असली तर ती भावाची. म्हणून खोली देणं हे उपकाराचं काम नाही. चळवळीनं आपल्या पथनाट्यांत अशाच वयाच्या मुलींचे आवाज वर्षानुवर्षं वापरले. आठ मार्चला त्यांना गळा फुटेस्तोवर घोषणा द्यायला लावल्या, आणि नऊ मार्चला घरी पाठवलं. स्वतःच्या मनातलं ओरडायला त्यांना आपण एकदाही जागा दिली नाही.

मग करायचं काय ते सांगते, म्हणजे कुणी पुन्हा पुढे ढकलायला नको. खोलीतल्या मशिनी भिंतीला लावायच्या. दाराच्या फटींना गोणपाट आणि जुन्या गाद्या ठोकायच्या, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार कमी होईल. रविवारी चार ते सहा. किल्ली मुलींकडे राहील, शिपायाकडे नाही. घरच्यांशी बोलायला आपल्यातल्या दोघींनी जायचं, आणि ‘भजन शिकवतो’ असं खोटं सांगायचं नाही. त्या काय गातात ते आधी तपासून बघायची मागणी एकीनं केली आहे. ती मान्य करू नये, मग गाण्यात आपल्याला शिव्या असल्या तरी चालतील. तिघींपैकी कुणाचं लग्न ठरतं आहे अशी कुणकुण लागली तर त्याच खोलीतून चाईल्डलाईनला १०९८ वर फोन करायचा, हे त्या तिघींना पाठ असलं पाहिजे.

राहिला ड्रमचा संच. उशांवर फार दिवस भागणार नाही. पैसे कुठून आणायचे असं खजिनदारबाई विचारतील. भाद्रपदात मंडळाची पोरं वर्गणीची पावतीबुकं घेऊन आपल्या दारात येतात, जयंत्यांना येतात, नवरात्रात येतात, आणि गेवराईतल्या घराघरातून ही वर्गणी बायकाच डब्यातून काढून देतात. या वर्षी पावती फाडण्याआधी विचारायचं, यातले किती डीजेवाल्याला जाणार? जो आकडा ते सांगतील तेवढा वहीत लिहून घ्यायचा आणि तेवढे पैसे वर्गणीतून कापून डब्यात परत टाकायचे. वही माझ्याकडे आहे.